शुद्धीत नसल्याचा पुरावा

२ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी काकासाहेब वकिलांकडे गेलो. दुपारी वरण-भात. बायकोच्या, उमाच्या तेराव्याला हे घर शेजारच्या मुझफ्फरला विकायचा करार केला. त्या दिवशी घरात थांबवत नव्हतं. आता सोडवत नाही. वकील म्हणाले, सही करताना माणूस शुद्धीत नसेल, आपलं बरंवाईट कळत नसेल, तर करार टिकत नाही. पण ते सिद्ध करावं लागतं. साधं काम आहे. मी त्या दिवशी वेडाच झालो होतो. आठवड्यात उरकेल.

४ फेब्रुवारी
साक्षीला समोरच्या पुष्पाबाईंना विचारलं. म्हणाल्या, भाऊजी, काय बोलून राह्यले? त्या दिवशी पंगतीत कोपऱ्यातल्या म्हातारीला मऊ पोळी वाढा म्हणून तुम्हीच सांगितलं. डोळ्यात टिपूस न्हाई. आम्हीच घाबरलो.
बाई भोळ्या आहेत. साक्षीला नकोत.

५ फेब्रुवारी
पुण्याला सुरुचीला फोन. म्हणाली, बाबा, तुम्ही रडला असतात तर मलाही रडता आलं असतं.
पोरीला कायद्यातलं कळत नाही. जेवलीस का विचारलं, ठेवला.

७ फेब्रुवारी
वकिलांनी करार वाचला. उत्तरेची हद्द चुकली होती, ती खोडून दुरुस्त कोणी केली, विचारलं. मी. हयात मोजणी ऑफिसात गेली, चुकीची हद्द बघवत नाही. म्हणाले, साहेब, एवढ्या शुद्धीत तर माझे पक्षकार एरवीही नसतात.
तरी आशा आहे. वेडं दिसायचा सराव म्हणून शर्टाची बटणं वरखाली लावून निघालो. चौकात कसंतरी वाटलं. आडोशाला जाऊन नीट लावली.

९ फेब्रुवारी
मुझफ्फर स्वतः आला. म्हणाला, काका, चाचीचं घर आहे, मन नसंल तर बिलकुल सांगा, कागद आत्ता फाडतो. मी म्हणालो, व्यवहार म्हणजे व्यवहार. चहा पाजला.
त्याला मुद्दाम गाफील ठेवलं आहे. शुक्रवारी रजिस्ट्री. तिथेच सगळ्यांसमोर कोसळायचं, ठरलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
रजिस्ट्री झाली. रजिस्ट्रार साहेबांनी विचारलं, राजीखुशीने देताय ना? हो म्हणालो. मुझफ्फरचा फोटो तिरका येत होता, त्याला सरळ बसायला सांगितलं. किल्ली रविवारी द्यायची.
घरी आलो तर नळ आला होता. हंडे, बादल्या भरल्या. उमाची लोणच्याची रिकामी बरणीही धुऊन भरली. पुढचा नळ मंगळवारी, तोवर पुरेल. सगळ्यांवर झाकणं ठेवली.