बाबांची साक्ष

४ मार्च

वकीलबाईंचा फोन. मेंदूच्या डॉक्टरांचा अहवाल पुराव्यात घ्यायला कर खात्याने हरकत घेतली! का, तर आधीच्या अधिकाऱ्यापुढे तो दिला नव्हता. अहो, तेव्हा बाबांना काय झालंय हे आम्हाला तरी कुठे कळलं होतं? चष्म्याच्या दुकानाचं रिटर्न भरायचं राहतंय, नोटिसा न उघडता खणात पडतायत — आम्ही म्हणायचो, वयानं आळशी झाले.

आजारपणामुळे राहिलं हे ट्रिब्युनलला पटलं तरच दंड माफ. नाहीतर दुकान विकायचं.

९ मार्च

आईला सांगितलं, बाबांनाही यावं लागेल. ती भांडी विसळत होती. "ह्यांच्या डोक्यात काय झालंय ते तिथे सगळ्यांसमोर वाचणार?" हो म्हटलं. तिने विसळलेलं ताट पुन्हा विसळायला घेतलं.

१७ मार्च

सुनावणी झाली.

डॉक्टर स्वतः आले होते. वकीलबाईंनी विचारलं, विसरणं कधीपासून सुरू झालं असेल? ते तोंड उघडतायत तोच खात्याचे वकील उभे! "यांनी पेशंटला पहिल्यांदा पाहिलं गेल्या वर्षी. त्याआधीचं कसं सांगणार?"

अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, आजची प्रकृती सांगा, ऐकतो. मागचे अंदाज नकोत. "आणि रिटर्न न भरायला ते कारण पुरेसं होतं का, हे डॉक्टरांनी नाही, आम्ही ठरवायचं."

म्हणजे जे हवं होतं नेमकं तेच वगळलं! डॉक्टर कागद आवरत बसले.

मग — "अपीलकर्ते आलेच आहेत. त्यांनाच विचारू."

बाबा उठले. कडक इस्त्रीचा शर्ट. नाव, वय, दुकान कधी काढलं — सगळं घडाघडा. रिटर्न का भरलं नाही? "कंटाळा केला, बाईसाहेब. चूक झाली." आठवण कशी आहे? "ठणठणीत! तुमच्या चष्म्याची डावी दांडी सैल झालीय, इथून दिसतंय."

सगळे हसले. अध्यक्षबाईसुद्धा. आणि मी त्यांची लेक — कसं ओरडून सांगू, की हा माणूस सकाळी आंघोळ करून आला आणि लगेच पुन्हा आंघोळीला निघाला! वकीलबाईंनी माझा हात घट्ट दाबून धरला.

टॅक्सीत बाबांनी विचारलं, "ठमे, कुणाचं लग्न होतं गं?"

२ एप्रिल

निकाल नाही. काही सुचत नाही.

२१ एप्रिल

हरलो. आदेशात लिहिलंय — अपीलकर्त्यांची उत्तरं सुसंगत होती, कंटाळा केल्याचं त्यांनी स्वतःच कबूल केलं. वकीलबाई म्हणाल्या, वर जाता येईल, पण तिथे फक्त कायद्याचा मुद्दा ऐकतात. बाबा बोलले ते आता पुसता येणार नाही.

कुणावर चिडू? बाबांवर?

२२ एप्रिल

आईने आज सांगितलं. "मी पढवलं ह्यांना. आठवडाभर, रोज दुपारी, तू कामाला गेलीस की. पुढं मागं हे मलाही ओळखणार नाहीत — मग दुकान घेऊन करू काय? पण चारचौघांत ह्यांना वेडं ठरवू देणार नव्हते मी."