फाटक ज्याचे त्याला

परमेश्वराला साक्षी ठेवून, आणि शेजारच्या मिस्टर एगर्टन कोल यांना खिडकीतून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचत, मी आराबेला इयामिडे थॉर्प, थिओफिलस थॉर्प सुताराची विधवा, राहणार चॅपल गल्ली, हॅमंड टाऊन, सिएरा लिओन, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेले, दात गेले, डोके जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याकडून उधारीवर अकारा, म्हणजे चवळीचे तळलेले वडे, नेऊन पाहावेत. मजवर कोणाचेही दडपण नाही. उलट बाकीच्यांवर माझे असते. यापूर्वीचे मृत्युपत्र मी चुलीत घातले आहे.

कलम पहिले, देहाविषयी. मला निळ्या झग्यात पुरावे. चाळिसाव्या दिवशी रीतीप्रमाणे आवुजोचे जेवण घालावे: चवळी, तळलेली केळी, रताळी, अकारा. माझा वाटा अंगणातल्या खड्ड्यात वाढावा, कारण त्या दिवशी गेलेले माणूस जेवायला येते. अकारा माझी नणंद ओलायिंका हिने तळू नयेत. तिचे अकारा तेल पितात. जिवंतपणी घरात भांडण नको म्हणून निमूटपणे गिळले, मेल्यावर ती सक्ती नाही.

कलम दुसरे, घराविषयी. हे घर थिओफिलसने दगडी जोत्यावर लाकडी फळ्यांनी बांधले. वर पत्रा, पुढे व्हरांडा. या व्हरांड्यात मी आयुष्यभर चवळीचे अकारा तळून विकले आणि त्यावर मुलगा शिकवला. घर माझे, कर्ज नाही, भांडण नाही. भानगड आहे ती कराची, आणि ती नीट सांगितल्याशिवाय पुढची कलमे वेडेपणाची वाटतील.

पूर्वी नगरपालिका एका जुन्या नोंदीवरून घरपट्टी घेई. त्या नोंदीत मिस्टर कोल यांचे तीन मजली घर 'रिकामी जमीन' होते, कारण नोंद झाली तेव्हा ती जमीन खरोखरच रिकामी होती. त्या रिकाम्या जमिनीवर दोन मोटारी उभ्या असत आणि गच्चीवर बँड वाजे, आणि मी अकारा तळणारी बाई त्यांच्याहून जास्त घरपट्टी भरत असे. मग नवी पद्धत आली. माणूस येणार, घर बाहेरून पाहणार, जे दिसेल त्याला गुण देणार: छप्पर, खिडक्या, फाटक, टाकी. जितके गुण तितका कर. मिस्टर कोल यांची चांगलीच जिरणार म्हणून मी त्या दिवशी अर्ध्या गल्लीला फुकट अकारा वाटले.

पण आमच्या लोकांची एक खोड आहे. पाहुणा घर बघायला येणार म्हटले की घर नटवलेच पाहिजे. साहेबच घर बघायला येणार म्हटल्यावर तर विचारूच नका. सगळ्या गल्लीने रंग काढला. मी व्हरांडा निळा केला. माझा मुलगा डुरोसिमी याने लंडनहून नाताळच्या भेटींनी भरलेल्या पिंपातून पाठवलेला एसी मी खिडकीत बसवून घेतला. तो चालेल इतकी वीज आमच्याकडे येतच नाही. सध्या त्यात चिमण्या राहतात. ओलायिंकाने दिलेली डिश अँटेना, जिच्यात मी मासे वाळवत असे, ती घासून छपरावर चढवली. घरात टीव्ही नाही. खिडक्यांना रंगीत काचा होत्याच, आणि सिंहाची तोंडे असलेले लोखंडी फाटकही होते. तेही डुरोसिमीनेच पाठवलेले. मोजणीला सांतिगी कोन्टे नावाचा सालस मुलगा आला. त्याला मी आल्याचे सरबत पाजले आणि हाताला धरून एकेक वस्तू दाखवली. तो खाली मान घालून लिहीत होता. मला वाटले, लाजतोय.

बिल आले ते पूर्वीच्या कितीतरी पट. बडा घर पोकळ वासा म्हणतात, त्यातला वासा मी होते. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन सांतिगीला गाठले.

"घर पाहिलंस, चूल पाहिलीस का?"

"आजी, चूल बाहेरून दिसत नाही."

"मग आत यायचं होतंस."

"आत गेलो, की मिस्टर कोलसुद्धा गरीब निघतात."

पोरगा खरे बोलत होता. बाहेरून मोजले म्हणून कोल सापडले, आणि बाहेरूनच मोजले म्हणून मीही सापडले. तो एवढेच म्हणाला की जे काढून टाकाल त्याचे गुण जातील, पुन्हा येऊन बघेन.

मी काही काढले नाही. काढले असते तर गल्ली म्हणाली असती, थॉर्पबाईंना उतरती कळा लागली. मेल्यावर लाजायला मी नसेन, म्हणून ते काम या कागदावर ठेवले आहे.

पण तोवरचा कर कोणी भरला, हेही लिहिते. खालच्या खोलीत याबोम कामारा राहते. उत्तरेकडची, तेमने जमातीची. नवरा नाही, मूल नाही, शिवणावर पोट. माझे पाय सुजतात तेव्हा मिठाच्या पाण्याने शेकते आणि शेकताना मला शिव्या घालते. मागच्या वर्षी करासाठी माझ्या हाती काहीच नव्हते. एके सकाळी ती म्हणाली, मावशी, मी भरून आले. त्याच आठवड्यात तिचे शिवणयंत्र दिसेनासे झाले. विचारले तर म्हणाली, दुरुस्तीला दिलंय. ती दुरुस्ती अजून चालू आहे. मी तिच्यासमोर रडले नाही, ते इथे लिहून रडते.

म्हणून कलम तिसरे. हे घर याबोमने मरेपर्यंत राहण्यासाठी वापरावे. कोणीही ते विकू नये. तिच्यानंतर ते डुरोसिमीच्या मुलांचे, इथे येऊन राहिली तर. ओलायिंका म्हणेल, वहिनी, परक्या बाईला घर? तिला सांगावे की पाय शेकायला घरची कोणी आली नव्हती.

पण आज आहे तसे घर याबोमला दिले, तर ते घर नव्हे, बिल दिल्यासारखे होईल. दोन-तीन वर्षांत थकबाकी, मग लिलाव, आणि लिलावात मिस्टर कोल. तेव्हा कलम चौथे: मला पुरल्यावर घरावरच्या वस्तू उतरवून ज्याच्या त्याला द्याव्यात. डिश ओलायिंकाला, मासे वाळवायला उत्तम. रंगीत काचा चॅपलला. त्यांच्या जागी थिओफिलसने केलेल्या लाकडी झडपा लावाव्यात, त्या जोत्याखाली गोणपाटात बांधून ठेवल्या आहेत. निळा रंग खरवडावा.

एसी आणि फाटक डुरोसिमीला. बाळा, तुझ्या नावाचा अर्थ 'मला माती द्यायला थांब' असा आहे, आणि तू विमान पकडलेस. त्याबद्दल राग नाही. होता, पण तो पिंपांनी थोडा थोडा विझवला. तुझ्या आईच्या घराला फाटक असावे असे वाटत असेल, तर फाटकाचा कर दरवर्षी तू भर आणि फाटक राहू दे. नाहीतर लंडनला घेऊन जा. चिमण्यांना आधी बाहेर काढ.

कलम पाचवे. माझे शिवणयंत्र याबोमला. मला चवळी निवडण्यापलीकडे काही येत नाही आणि यंत्र माझ्याकडे कधी नव्हते, हे ती म्हणेल. परवा घेतले आहे, पलंगाखाली आहे.

कलम सहावे. माझा कोंबडा मिस्टर कोल यांना. त्याच्या आरवण्याबद्दल त्यांनी पाद्रीबुवांकडे दोनदा तक्रार केली आहे.

कलम सातवे आणि शेवटचे. व्हरांडा काढू नये. सांतिगी सांगतो की त्याचेही गुण लागतात. लागू देत. माझ्या भिशीचा शेवटचा हप्ता याच वर्षी मिळायचा आहे, तो सगळा व्हरांड्याच्या करासाठी ठेवावा. बाकी सर्व गेले तरी चालेल. चाळिसाव्या दिवशी मी जेवायला येणार, तेव्हा खड्ड्यापाशी उभ्याने जेवणार नाही. मला बसायला माझी जागा हवी, आणि आत याबोम असायला हवी.

हे मी वाचले, समजले, आणि मिस्टर कोल यांनीही ऐकले.

सही: आराबेला इयामिडे थॉर्प
हॅमंड टाऊन, १४ नोव्हेंबर २०२३

साक्षीदार पहिला: एगर्टन कोल. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा कायदा आहे, हे वकिलाला विचारून आलो आहे. सबब कोंबडा रद्द. सही आनंदाने.

साक्षीदार दुसरा: सांतिगी कोन्टे. सही आत बसून केली. चूल पाहिली.