काशीमीऱ्याचे स्पीकर

आई,

काल काशीमीऱ्याच्या नाक्यावर रिक्षा बराच वेळ अडकली होती. ट्रकमध्ये टेप बसवून देणारं ते दुकान जिथे होतं, तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतात. मी अर्धी बाहेर वाकून बघत होते, तेव्हा रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, इधरही उतरना है क्या?" नाही म्हटलं. घरी आले, कुकर लावला आणि तुला लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्याशी बोलताना आता रडू येत नाही, नुसतं बोलावंसं वाटतं.

आपण भाईंदरला, गोडदेवमध्ये राहायला आलो तेव्हा बिल्डिंगमधल्या बायकांना तुझी हवाईयन गिटार पाहून आधी हसूच आलं होतं. मांडीवर आडवी घेतलेली गिटार आणि डाव्या हातातली ती पोलादी कांडी तारांवरून अलगद सरकवणं. समोरच्या काकूंनी तर विचारलंही होतं, "अहो, गिटारला इस्त्री करताय का?" तूही हसलीस आणि दारातच बसून त्यांना एक जुनं गाणं वाजवून दाखवलंस. संपलं तेव्हा त्या पदराने डोळे टिपत होत्या आणि आत त्यांचं दूध उतू गेलं होतं. पुढे तू ऑर्केस्ट्रात जायला लागलीस. दिवसभर नोकरी करणारे चार-पाच पुरुष, एक गाणारी मुलगी आणि तू. रिसेप्शन, हळदी, सोसायटीची सत्यनारायणाची पूजा, जिथे बोलावतील तिथे. बाबा म्हणायचे, "घरात एक आर्टिस्ट असावा, म्हणजे बाकीच्यांना साधं राहता येतं." ते गमतीने म्हणायचे, पण कार्यक्रमाला निघताना तुझी पेटी जिन्यावरून खाली तेच उतरवायचे. पेटी म्हणजे दोन मोठे स्पीकर बसवलेलं ते काळं लाकडी खोकं. त्याच्यावर अ‍ॅम्प्लिफायर ठेवायचा आणि अ‍ॅम्प्लिफायरवर तू घरून नेलेली पाण्याची बाटली.

ते स्पीकर जळाले मोरव्यातल्या एका हळदीत. गाणाऱ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर ऐन वेळी बंद पडला आणि कुणीतरी माइकची पिन सरळ तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये खुपसली. नवऱ्यामुलाचे काका गायला उभे राहिले, आवाज पूर्ण वर, आणि दोन कडव्यांत पेटीतून करपल्याचा वास यायला लागला. नंतर तू वाजवलंस तेव्हा प्रत्येक सुराला खरखर. हळद लावायला बसलेल्या एका म्हातारीने तुझ्याकडे बघून म्हटलं, "बाय, तुजा बाजा आज बरा न्हाय." तू तिला म्हणालीस, "नाही हो आजी, त्याला आज ताप आलाय." पण परतताना रिक्षात तू सारखी पेटी हुंगून बघत होतीस.

त्यात ऑर्केस्ट्रातले कॅसिओ वाजवणारे काका दुसऱ्याच दिवशी घरी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि मग कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. स्पीकर जळाले ते जळालेच, पण त्याच्या आधीपासून लोक म्हणतायत, गिटार टोचते. लग्नसराई तोंडावर आलीय. माझ्या नव्या कॅसिओत गिटारचा आवाजही आहे. नवीन स्पीकर बसवा, एकदा ऐकू, मग ठरवू." तू हो म्हणालीस. ते गेल्यावर मला म्हणालीस, "टोचते म्हणे. उलट हल्ली आवाज दबलेला येतोय. कागद जुना झालाय स्पीकरचा, खाडीची दमट हवा लागते ना." मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझं सगळं लक्ष माझ्याकडेच होतं. तरी ऐकताना काहीतरी खटकलं. काय ते कळलं नाही.

काशीमीऱ्याचं ते दुकान बाबांच्या ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं होतं. पुढे ट्रकवाल्यांचे टेप आणि हॉर्न, मागे मंडपवाल्यांचे मोठे स्पीकर. आपण दोघी रविवारी सकाळी गेलो. पेटी रिक्षाच्या सीटवर, तू तिला टेकून आणि मी गिटार मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या शेजारी. दुकानदार कच्छी होता, डोक्यावर चष्मा चढवलेला. त्याने पेटीची पाठ उघडली, स्पीकरच्या कागदावर बोट फिरवून म्हणाला, "बेन, कागद बदल के दूँगा, लेकिन पहलेवाली आवाज नहीं आयेगी. नया डालो." आणि दोन जोड्या काढून काउंटरवर मांडल्या. एकीच्या मधोमध चकचकीत ॲल्युमिनियमची टोपी होती, दुसरी साध्या काळ्या कागदाची. दोन्हीही पेटीत बसतील, अ‍ॅम्प्लिफायरला दोन्ही चालतील, असं त्याने सांगितलं. "अब कान का काम है," म्हणाला. तू म्हणालीस, "वाजवून बघते."

ते मला आत्ता समोर दिसतंय. तू टायरच्या ढिगाशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसतेस, पदर खोचतेस, बोटांत तार छेडायच्या नख्या चढवतेस. बाहेरून ट्रक जातायत. दुकानदार पहिली जोडी जोडतो, ती टोपीवाली. तू एक ओळ वाजवतेस आणि माझे दात शिवशिवतात. काचेवर चमचा घासावा तसा आवाज. मी तुझ्याकडे बघते, तर तुझा चेहरा उजळलेला आहे. "हा बघ," तू म्हणतेस, "किती दिवसांनी मोकळा आवाज आला. सगळं स्वच्छ." मग दुसरी जोडी. तीच ओळ, पण आता ती तारांवरून घरंगळत येते, गोल आणि उबदार. तू मान हलवतेस. "छे. हे कांबळं पांघरून वाजवल्यासारखं वाटतंय. पहिलीच द्या."

त्या क्षणी मला बाबांचं मनगटी घड्याळ आठवलं. दर तासाला बारीक पीप-पीप वाजणारं, नवं, ज्याचं त्यांना फार कौतुक होतं. काही महिन्यांपूर्वी तू त्यांना म्हणाली होतीस, "बंद पडलं वाटतं तुमचं, हल्ली वाजत नाही." बाबा म्हणाले, "अगं, आत्ताच वाजलं." आपण सगळे हसलो होतो. टेपरेकॉर्डरवरचं ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाज वाढवायचं बटण तू नेहमी शेवटपर्यंत फिरवून ठेवायचीस आणि मी ते मागे आणायचे, त्यावरून आपली भांडणं व्हायची. हे सगळं एकदम एका जागी येऊन उभं राहिलं आणि मला दुकानात उभ्या-उभ्या भीती वाटली.

तू माझ्या चेहऱ्याकडे बघितलंस. तुझ्यापासून मला काही लपवता यायचं नाही. कांडी मांडीवर ठेवून तू विचारलंस, "तुला कसा लागतो? खरं सांग."

"टोचतो, आई."

"कुठला?"

"पहिला. कानात जातो. दुसरा गोड आहे."

तू दुकानदाराकडे वळलीस. "भैया, आपको?" तो चष्मा पुसायला लागला. "बेन, पसंद अपनी अपनी," म्हणाला. विकणारा माणूस, त्याला दोन्हीत सारखंच. मग तू दाराबाहेर चहा पीत उभ्या असलेल्या एका सरदारजी ट्रकड्रायव्हरला हाक मारलीस, जणू तो आपला नातेवाईकच आहे. "भाईसाब, जरा सुनिए. दोनों में से कौनसा अच्छा?" आणि त्या अनोळखी माणसासाठी तू दोन्ही जोड्यांवर पुन्हा वाजवलंस, या वेळी पूर्ण अंतरा. त्याने ग्लास हातात तसाच धरून मनापासून ऐकलं. म्हणाला, "बहनजी, पहलावाला सीटी मारता है. दूसरावाला गाता है."

तू तारांवर हात ठेवलास. मग मराठीत, फक्त मला कळेल असं बोललीस, "म्हणजे तुम्हाला सगळ्यांना जे ऐकू येतं, ते मला येत नाहीये." मला वाटलं, आता तू उठशील, गिटार गुंडाळशील, पुन्हा कधी म्हणून उघडणार नाहीस. तू दुकानदाराला म्हणालीस, "दूसरा दे दो." मी म्हटलं, "पण तुला ते आवडत नाही." तू नख्या काढून रुमालात बांधत होतीस. "रिसेप्शनला मी जेवायला जात नाही, वाजवायला जाते," म्हणालीस. "ऐकणाऱ्याला गोड लागलं पाहिजे. माझं काय, मला ती गाणी पाठ आहेत."

घरी आल्यावर मी भलतीच काळजी घ्यायला लागले. स्वयंपाकघरात तू पोळ्या लाटत होतीस आणि मी तुझ्या कानाशी मोठ्याने बोलत होते, एकेक शब्द सुटा करून. तू लाटणं पोळपाटावर आपटलंस. "ओरडू नकोस. मी बहिरी नाही. हळूच बोल, पण माझ्याकडे बघून बोल." आयुष्यात तू मला जे काही बोललीस, त्यात हे सगळ्यात कडक होतं. मग पीठ लागलेल्या हाताने माझी हनुवटी धरून माझं तोंड तुझ्याकडे वळवलंस. "असं," म्हणालीस. बाबांना तूच सांगितलंस, त्याच संध्याकाळी, जेवायला वाढता वाढता. ते म्हणाले, "तरीच घड्याळ बंद पडलं होतं," आणि मग ताटातला भात नुसताच कालवत राहिले.

लग्नसराईच्या पहिल्या रिसेप्शनला मी तुझ्याबरोबर आले. हॉल भाईंदर स्टेशनजवळचा, पुरी-भाजीच्या वासाने भरलेला. मी लोकांच्या मागे, आइस्क्रीमच्या टेबलाजवळ उभी होते. आपण घरी ठरवलं होतं: मी तळहात खाली केला की तू अ‍ॅम्प्लिफायरवरचं बारीक आवाजाचं बटण मागे आणायचं, वर केला की पुढे. तू स्टेजवरून माझ्याकडे बघितलंस. मी हात खाली केला. अजून थोडा खाली. मग थांबवला. तू डोळे मिटून वाजवायला सुरुवात केलीस आणि जेवणाच्या रांगेतली दोन-तीन माणसं ताटं हातात घेऊन स्टेजकडे वळली. कॅसिओवाले काका मध्यंतरात माझ्याजवळ आले, म्हणाले, "वहिनींनी स्पीकर मस्त निवडले." मी म्हटलं, "हो, ती ऐकूनच घेते." त्यानंतर कॅसिओतल्या गिटारचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

मला नोकरी लागली तरी शनिवार-रविवारचे कार्यक्रम मी सोडले नाहीत. मैत्रिणी सिनेमाला बोलवायच्या, मी मिरारोडच्या कुठल्यातरी हॉलमध्ये आइस्क्रीमच्या टेबलाजवळ हात वरखाली करत उभी असायचे. कितीतरी लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये मी कुणाचीच कुणी नसलेली बाई म्हणून दिसत असेन.

मग बाबांनी तुला कानाचं मशीन आणलं. मुंबईच्या डॉक्टरांकडे नेऊन, तपासण्या करून, कानामागे लावायचं. तू ते लावून घरभर फिरलीस. फोडणीचा तडतड आवाज, माझ्या बांगड्या, बाबांचं घड्याळ, सगळ्याचं तुला हसू येत होतं. "किती आवाज करत राहता तुम्ही लोक," म्हणालीस. मग गिटार काढलीस. दोन सूर वाजवलेस आणि थांबलीस. पुन्हा वाजवलेस. "पत्र्यावर वाजवल्यासारखं येतंय," म्हणालीस. डॉक्टर म्हणाले होते, सवय होईल. तू महिनाभर रोज बसलीस. शेवटी बाबांना म्हणालीस, "अहो, मशीन चांगलं आहे. आता मला सगळं ऐकू येतं, फक्त गिटार सोडून." बाबांना वाईट वाटेल म्हणून ते तू हसत सांगितलंस.

त्यानंतरच्या कार्यक्रमाला, गोडदेवातल्याच एका लग्नाला, स्टेजवर चढण्याआधी तू मशीन कानातून काढलंस आणि माझ्या तळहातावर ठेवलंस. ते गरम होतं, तुझ्या कानाच्या उबेने. माझी मूठ मिटलीस आणि म्हणालीस, "तू आहेस ना समोर?" तुझ्या सगळ्या कार्यक्रमांतला तो मला सर्वांत लख्ख आठवतो. तू किती सुंदर वाजवलंस त्या दिवशी. पुढे शतक संपता संपता हळदींना डीजे आले, ऑर्केस्ट्रा विखुरला, पेटी आपण गावातल्या भजनी मंडळाला दिली आणि तू गिटार फक्त दुपारी, स्वतःपुरती वाजवायला लागलीस. ते सगळं ठीकच झालं. तुला त्याची खंत नव्हती, निदान दिसली तरी नाही.

मी लोकांना सांगते की ते मशीन तुला मानवलं नाही याचं आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं. बाबांना वाटलं होतं. पण तू ते काढून माझ्या हातावर ठेवलंस तेव्हा, आई, मला आनंद झाला होता.