दारातला फोन

प्रिय ऋत्विक,

हे पाकीट नावेदच्या हाती पाठवतोय. आपल्या जैनुद्दीनकाकांचा नावेद कंपनीच्या कामाला इंग्लंडात चाललाय, 'वाट वाकडी करून ऋत्विकला गाठतो' म्हणाला. आईने नारळाच्या वड्या दिल्यात, त्या खाली आहेत. वर हे पत्र. आधी वड्या खा. मराठी वाचताना अडखळशील हे मला माहीत आहे, पण शाळेत हिंदीला तुला बरे मार्क पडायचे, म्हणजे अक्षरं ओळखीची आहेत. अडलं तिथे मोठ्याने वाच. डोळ्यांना नाही समजलं तरी कानांना समजेल. कान तू माझे घेतलेस, नाक आईचं.

इकडे आखातात ठीक आहे, म्हणजे चाललंय. पार्ट्यांना टेबलं, प्लेटा, ग्लास भाड्याने द्यायचा आपला धंदा आता लोकांनाच जड व्हायला लागलाय. परवा जनाबियाच्या एका व्हिलात साखरपुडा होता, बाईंनी फोनवर विचारलं, 'भैया, डिस्पोजेबल नहीं है क्या?' मी म्हटलं, मॅडम, साखरपुडा आहे, पिकनिक नाही. हसल्या, पण ऑर्डर अर्धीच दिली. परत आलेले ग्लास मी अजून स्वतः तपासतो. उम्म अल हस्सम भागातल्या आपल्या दुकानात मागच्या बाजूला स्टूल घेऊन बसायचं आणि एकेका ग्लासाला नखाने टिचकी मारायची. चांगला ग्लास लांबवर वाजतो, तडा गेलेला लगेच गप्प होतो. दुकानातला विलास म्हणतो, साहेब, हे काम पोरांना द्या. पोरं डोळ्यांनी बघतात रे. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. पण खरं सांगू? हल्ली दोन क्रेट झाले की पाठ धरते. मग तसाच बसून राहतो, एसीचा घूं घूं ऐकत. दमणं म्हणजे काय ते मला तरुणपणी कळलंच नाही. तेव्हा फक्त झोप यायची.

तुला सोडायला आलो होतो तो दिवस आठवतो? मला वाटलं होतं, युनिव्हर्सिटी म्हणजे एक मोठं गेट असेल. तुझ्या तिथे तर गल्लोगल्ली कॉलेजं, प्रत्येकाचं आपलं जेवणघर, आपला झेंडा, आणि प्रत्येकाचा आपला बार. तुझ्या कॉलेजचा बार जेवणघराच्या खाली, तळघरात. छत एवढं बुटकं की मीसुद्धा वाकलो. भिंतीवर नाव वल्हवणाऱ्या जुन्या पोरांचे फोटो, कोपऱ्यात फाटका सोफा, आणि काउंटरच्या मागे तुझ्याच वयाचा एक पोरगा, बीअर ओततोय की फेस ओततोय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. मनामाच्या हॉटेलात बारमध्ये ग्लास विसळण्यापासून मी सुरुवात केली. असं ओतलं असतं तर आमच्या कॅप्टनने, म्हणजे हेड वेटरने, दुसऱ्या दिवशी परत विसळायला बसवलं असतं. पण मला तो बार फार आवडला. मी तुला तिथेच म्हटलं, लायब्ररी सगळ्या जगात असते, तू इथे बस. पिऊ नकोस, लिंबू सोडा घे, पण बस. माझी सगळी ओळखपाळख काउंटरवरच झाली, धंद्याचं पहिलं गिऱ्हाईकसुद्धा. आणि निघताना गमतीत म्हणालो, शुक्रवारचा फोन बारमधूनच कर, म्हणजे मला गर्दी ऐकू येईल.

तू अगदी तसंच करत आलास. शुक्रवारी आमची जेवणं उरकली की तुझा फोन येतो, मी स्पीकरवर टाकतो, आई भांडी तशीच ठेवून ओल्या हातांनी येऊन बसते. मागे गाणी, हसणं, ग्लासांचा किणकिणाट. आई विचारते, 'जेवलास काय रे?' तू म्हणतोस, 'यस आई, आय ॲम विथ फ्रेंड्स.' ठेवलास की ती लगेच देवरुखला तुझ्या मावशीला फोन लावते. 'आमच्या ऋत्विकला बोलायला पण फुरसत नाही गो, माणसांत असतो सारखा.' त्या वेळचा तिचा चेहरा तू बघायला हवास. गावाहून इथे आल्यापासून मनातल्या मनात तिला एकच भीती, की आपलं पोर कुठे एकटं पडू नये.

आता माझं ऐक, आणि रागावू नकोस. बारच्या आत बसलेल्या माणसाच्या मागे आवाज एकसारखा असतो. तुझ्या फोनमध्ये तो भरतो आणि ओसरतो, भरतो आणि ओसरतो. दार उघडलं की गाणं मोठं, दार मिटलं की गाणं लांब. मध्ये वाऱ्याचा फुसकारा. आणि दर थोड्या वेळाने कोणीतरी तुझ्या अगदी जवळून 'सॉरी, सॉरी' म्हणत जातं. वाटेत उभ्या असलेल्या माणसालाच लोक असं म्हणतात. पहिले काही शुक्रवार मी मनाची समजूत घातली, की पोरगा बोलायला बाहेर आला असेल. पण बाहेर आलेल्या माणसाला आतून हाक येते रे. 'चल की, तुझं गार होतंय,' 'तुझी पाळी आली.' बारमध्ये मी इतकी वर्षं काढली, रोजच्या माणसाला हाक आली नाही असा एक दिवस आठवत नाही. तुझ्या एवढ्या फोनांत, त्या एवढ्या कल्ल्यात, तुझं नाव मी एकदाही ऐकलं नाही.

एका शुक्रवारी जैनुद्दीनकाका आपल्याकडे जेवायला होते. तुझा फोन झाल्यावर विड्याचं पान घडी करत बसले. आई आत गेल्यावर हळूच म्हणाले, 'दत्ता, मआमीरचा कॅम्प आठवला रे.' म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं.

तुला तो मजुरांचा कॅम्प मी कधी नीट सांगितलाच नाही. हॉटेलात लागायच्या आधी मी आणि जैनुद्दीनकाका तिथे एका खोलीत होतो, वरच्या-खालच्या खाटेवर. कॅम्पच्या फाटकालाच टेलिफोनचा बूथ होता. पण घरी फोन करायला तिथे कोणी उभं राहायचं नाही. तिथून फॅक्टरीची घरघर जायची, खोकणाऱ्यांचे खोकले जायचे. सुट्टीच्या दिवशी आम्ही धुतलेला शर्ट घालून, बस पकडून थेट मनामाला जायचो आणि बाजारातल्या एका मोठ्या रेस्टॉरंटच्या शेजारच्या बूथवरून फोन लावायचो. मागे काटे-चमच्यांचा आवाज, वाद्यांचे सूर. घरच्यांना वाटायचं, पोरगा मजेत आहे. सगळ्या कॅम्पची ही रीत होती, रांग लागायची त्या बूथला. आत जाऊन चहासुद्धा घेतलेला नव्हता कोणी. तुझी आजी गावातल्या दुकानात फोनवर यायची. पुष्कळ दिवस तिने ऐकून घेतलं. मग एकदा म्हणाली, 'बाबा, मागं येवढी मानसं बोलतायत. त्यातला तुजा कोन?' मी म्हटलं, आये, लाईन कटतेय. आणि ठेवला.

तो प्रश्न मी तुला विचारणार नाही. त्याचं उत्तर देताना काय होतं ते मला ठाऊक आहे.

पण गेल्या शुक्रवारी मला राहवेना. तू आईला सांगत होतास, की ईस्टरच्या सुट्टीत येणार नाहीस, मित्रांबरोबर डोंगरात जायचा बेत आहे. तेवढ्यात दार उघडलं, गाणं मोठं झालं आणि एका मुलीचा आवाज आला. इंग्रजीतच, पण माझं काउंटरवरचं इंग्रजी तेवढं पुरे आहे. 'आत येणार आहेस, की दारातच राहतोस तू?' मागून दोघं-तिघं हसले. तूही हसलास. ते हसणं मी ओळखलं, कारण बारमध्ये गिऱ्हाईक आपल्यावर विनोद करतं तेव्हा मी तसाच हसायचो. टिचकी मारल्यावर लगेच गप्प होणारं. आई म्हणाली, 'मैत्रीण वाटतं!' आणि खूश झाली.

ती मुलगी वाईट नसावी, असं मला वाटतं. आवाजात खवचटपणा नव्हता. पुढच्या वेळी विचारलंन तर आत जा, नाही वाटलं तर नको जाऊस. काउंटरवर सगळ्यांचंच जमत नाही, हे तुला तिथे उभं करून मी निघालो तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. डोंगरात खरंच कोणाबरोबर जाणार असशील तर खुशाल जा. नसशील तर यल्ला, चल, घरी ये. कोणी काही विचारणार नाही. दुकानात माझ्या शेजारी दुसरं स्टूल टाकतो, दोघं मिळून ग्लास वाजवू. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. फोनमागे गर्दी का नाही विचारलंन तर तुमचा बार दुरुस्तीला बंद आहे असं सांगेन, तेवढं माझ्यावर सोड. हे पत्र एवढ्यासाठीच, की फोनवर सांगायला गेलो असतो तर तू त्याच दारात उभा असतास आणि पुन्हा हसला असतास. या शुक्रवारी फोन खोलीतून कर. दार लावून घे, कॉटवर बस, पाय वर घे, मागे काही लावू नकोस. मला तुझी खोली ऐकायची आहे, हीटर टकटक करत असेल तो, खिडकीवरचा पाऊस. बोलायला काही नसलं तर बोलू नकोस. मी ठेवणार नाही.

अर्धा दमलेला, पण कानांनी अजून शाबूत,
तुझाच,
बाबा