अर्बाबची तरंगणारी गाडी

भाई मुनीरला सलाम आणि दुआ,

लिहायला फार उशीर झाला, माफ कर. मी बरा आहे. फोनवर मोकळं बोलता येत नाही, खोलीत माझ्याबरोबर काम करणारा शकील कान देऊन बसलेला असतो.

आमच्या अर्बाबला, म्हणजे इथल्या अरब मालकाला, वाळूत पळणारी चारचाकी मोटारसायकल खाडीत तरंगवून मासे मारायचेत. मी तिच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची पिंपं बांधली. पिंपं शकीलने आणली, झाकणंही त्यानेच चिकटवली. मी उघडून बघतो म्हटलं तर म्हणतो, "चाचा, आपको तो अपने साये पर भी शक है." मग बघू का देत नाही?

त्यात माझंच तोंड नडलं. आपले अब्बा नवी होडी बांधली की स्वतः पहिले बसायचे, हे मी अर्बाबला कौतुकाने सांगितलं. तो हसून म्हणाला, "खलास, ठरलं, ईदनंतर पहिला तूच बस." शकील जास्तच हसला.

तुझ्या भाभीला, हाफिजाला सांग, मी सावलीत बसून काम करतो. तिचे गुडघे कसे आहेत?

तू होड्या बांधतोस. पिंप न उघडता आत पाणी शिरेल का, कसं ओळखू? गाडी कलली तर उडी कुठल्या बाजूला मारू? चिठ्ठी आणणारा अन्वर ईदच्या आधी परत निघेल. उत्तर लिहून त्याच्याच हाती दे, विसरू नकोस.

तुझा मोठा भाऊ,
दाऊद