तळ्याकाठचं कुलूप

स्कॅलो हॉल, नॉरफोक
६ मार्च २०१९

प्रिय क्रिस्पिन,
सा. न. वि. वि.

नाताळच्या कार्डाखेरीज माझं काही आलं म्हणून तू दचकशील. छप्पर पुन्हा गळू लागलंय, तेव्हा घर मालिकेच्या चित्रीकरणाला दिलं. दिवाणखान्यातले आपले पडदे पुरेसे जुने दिसत नाहीत असं दिग्दर्शिकाबाईंचं मत पडलं. त्यांनी लंडनहून नवे जुने पडदे आणवलेत. त्यांचे लोक इतका चहा पितात की किटली थंड म्हणून होत नाही.

खरी गोष्ट वेगळीच. त्यांना तळं हवंय. कथेत एक लहान मुलगी बुडते. मी सही करून बसले. आपली धाकटी बहीण टॅबी त्याच तळ्यात गेली, त्याला यंदा त्रेपन्न वर्षं होतील. नावेला कुलूप लावायचं तू विसरलास, हे आईने कधी माफ केलं नाही, आणि मीही तिच्याच बाजूची राहिले. जुनं उगाळायचं नाही. पण तुला न सांगता त्यांना तळ्यात उतरवणं बरं वाटेना.

प्रकृतीला जप, मेरिअल वहिनीला माझा नमस्कार.
हेस्टर

हॅलिफॅक्स
१७ मार्च

चि. हेस्टर हिस,
अ. उ. आ.

करू देत त्यांना. तू एकटी त्या थंड घरात राहतेस, त्यापेक्षा माणसांची वर्दळ बरी. मेरिअल म्हणते, पडद्यांचा किस्सा ती शेजारणीला सांगणार आहे.

एकच कर. धक्क्याजवळचा गाळ उपसू देऊ नकोस. चिखल खोल आहे, कुणाचा पाय अडकेल.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.
क्रिस्पिन

स्कॅलो हॉल
२६ मार्च

प्रिय क्रिस्पिन,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच गाळ उपसून झाला होता. त्यांचा सुतार ओडेल एक साखळी घेऊन स्वयंपाकघरात आला आणि वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवली. तिच्या एका टोकाला लोखंडी कडी, कडीला कुजक्या लाकडाचा लगदा. आणि पितळी कुलूप, बाबांची आद्याक्षरं कोरलेलं. ओडेल म्हणाला, बाई, कुलूप तर नीट लागलंय, धक्क्याचा खांबच कुजून कडी निसटलेली दिसते.

म्हणजे तू कुलूप लावलं होतंस. पण नाव तर तळ्याच्या मध्यावर सापडली होती, मग साखळी धक्क्यापाशी कशी? आणि ती तिथे आहे हे तुला ठाऊक होतं. आता मला सगळं सांग.

हेस्टर

हॅलिफॅक्स
५ एप्रिल

चि. हेस्टर,

टॅबी नावेत चढून झोके घेत असणार. खांब कुजलाय, बदला, असं माळ्याने बाबांना दोनदा सांगितलं होतं. माणसं तिला घरात घेऊन गेली, तेव्हा बाबा मागे राहिले. धक्क्याला ओढून आणलेल्या नावेची साखळी त्यांनी सोडवली आणि पाण्यात टाकली. वळले तर मी उभा. ते माझ्या बाजूने घराकडे निघाले, मीही मागून गेलो.

घरात आईने एकच विचारलं, नावेपाशी शेवटी कोण होतं. बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या ओल्या बाह्यांतून फरशीवर पाणी टपकत होतं, मला ते बघवेना. मी म्हणालो, मी कुलूप लावायला विसरलो. वाटलं, चार दिवसांत ते स्वतःच सांगतील. पुढे त्यांनी मला इकडे, समुद्रापलीकडे, कॉलेजात धाडलं.

आता आई नाही, बाबा नाहीत. रागावू नकोस त्यांच्यावर. मला डॉक्टर विमानात बसू देत नाहीत, नाहीतर आलो असतो.

तुझा
क्रिस्पिन

स्कॅलो हॉल
१४ एप्रिल

प्रिय क्रिस्पिन,
सा. न. वि. वि.

काल तो प्रसंग घेतला. आईचं काम करणाऱ्या बाईने आठ वेळा किंकाळी फोडली. मी खिडकीतून बघत होते. दिग्दर्शिकाबाईंनी येऊन विचारलं, ठीक वाटलं का. मी म्हटलं, आमची आई ओरडली नव्हती. त्यांनी मला खुर्ची आणून दिली.

रागावू नकोस म्हणतोस. ते माझ्याने होणार नाही. बाबांवर आहेच, पण जास्त माझ्यावर. आईच्या अंत्यविधीला येऊ नकोस असं तुला लिहिलं, ते अक्षर माझं होतं.

मी तीन मेला येते. एकवीस वर्षांची असताना तुला शेवटचं पाहिलं, म्हणून विमानतळावर माझ्या नावाची पाटी धर. मेरिअलला म्हणावं, माझ्यासाठी काही खास करू नको. तू बोलला नाहीस तरी चालेल. मला एवढंच विचारायचंय, जे तेव्हा मी अकरा वर्षांची होते म्हणून सुचलं नाही, आणि मोठ्यांपैकी कुणी विचारलं नाही. त्या संध्याकाळी तुला कुणी जेवायला दिलं होतं का?

वाट बघ.
तुझी
हेस्टर