कारवानी की पश्मी

निफाड
११ डिसेंबर १९८४

प्रिय मल्हारी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उशीर झाला म्हणून रागावू नकोस, हल्ली दोन ओळी लिहिल्या तरी हात भरून येतो. उदगीरकडच्या त्या माणसाने तुझ्या शब्दाखातर शिकारी कुत्र्यांची दोन पिल्लं राखून ठेवलीत, एक कारवानी, एक पश्मी, आणि संक्रांतीला येताना त्यातलं एकच आणता येईल, हे समजलं. असली अस्सल जात आता शोधून मिळत नाही, हेही तू दोनदा लिहिलंस. पण बाबा रे, तू दिवाळीला हा विषय काढून गेलास तेव्हापासून आमच्या घरात दुसरं बोलणं नाही.

तुझ्या दाजींना कारवानीच हवा. तरुणपणी गोदाकाठच्या माळावर त्यांच्या कारवानी पाखऱ्याला घेऊन सशांमागे धावायचे, तुला आठवत असेल. शिकारीवर बंदी आली, पाखऱ्याही म्हातारा होऊन गेला, पण यांच्या डोक्यातून काही तो जाईना. आता कारखान्यातून रिटायर झालेत. म्हणतात, शिकार नको, सकाळी बरोबर चालायला तरी कुणी हवं.

मला मात्र पाखऱ्या म्हटलं की यांचा टायफॉइड आठवतो. नऊ दिवस हे नाशिकला दवाखान्यात. सकाळी डबा पोचवायचा, दुपारच्या एस.टी.ने परतायचं आणि त्या महाराजांपुढे दूध-भाकरी ठेवायची. नऊ दिवस त्याने तोंड लावलं नाही, फाटकाकडे बघत पडून राहिला. मी काय विष कालवलं होतं त्यात? काळजी मलाही होती रे, पण मी जेवत होते. तेवढ्यावरून शेजारच्या कुसाबाई म्हणाल्या, बायकोपेक्षा कुत्रं बरं. ते मला अजून लागतं.

म्हणून मी पश्मी धरून बसले. मऊ केसांची, कुणाच्याही हातचं खाणारी, आल्यागेल्याशी गोडीने राहणारी. शिवाय इथली थंडी तुला ठाऊक आहे. पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवतात, तिथे त्या पातळ कातडीच्या कारवानीला गोधडी मीच शिवायची. भाकरी मी थापायची आणि शेपूट यांच्यापुढे हलायची, हा कुठला न्याय? यांना मी तसं सुनावलं. सुपारी कातरत म्हणाले, "जो सगळ्यांचा, तो कुणाचाच नसतो." त्यावर चार दिवस आम्ही मीठ मागण्यापुरतं बोललो. खरं सांगू, आता भांडायचंही त्राण नाही. चूल पेटवते आणि तिच्यापुढेच बसून राहते. हे म्हणतात, थंडीचं आहे.

मागच्या सोमवारी चष्म्याचा नंबर काढायला म्हणून एकटीच नाशिकला जाऊन आले. चष्म्यासाठी गेले नव्हते. आधी रक्त तपासायला दिलं होतं, त्याचं कळायचं होतं. डॉक्टर भला माणूस, त्याने विचारलं, घरचं कुणी बरोबर आहे का. मी म्हटलं, जे असेल ते मलाच सांगा. रक्ताचा कॅन्सर आहे, मल्हारी. पुढची दिवाळी मला दिसेलसं त्याला वाटत नाही. मी रडले नाही. स्टँडवर येऊन चहा प्याले आणि भीती वाटली ती यांची. लेक भिलाईला, तिच्याकडे हे चार दिवसांवर राहायचे नाहीत. सगळ्यांवर जीव लावणारं जनावर या घरात आणून काय करू, घरात माणूस एकच उरणार आहे. तेव्हा कारवानीच आण, आणि संक्रांतीची वाट बघू नकोस. तो यांच्या पायाशी बसलेला मला बघायचाय. यांना मात्र वेगळं पत्र टाक, की पश्मी दुसऱ्या कुणी नेली. नाहीतर मी इतक्या सहज माघार कशी घेतली म्हणून विचारत बसतील. चष्म्याचं एक खोटं कसंबसं निभावलं, दुसरं माझ्याच्याने होणार नाही.

तुझीच,
चांगुणाताई